दुसऱ्या कडव्यावरची रेघ

कंपनीत तिला सगळे कानकोरणी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तीही निमूट ओ देई. कामच तसं होतं ना! जुनी गाणी नव्याने विकायला काढायची, तर त्यातली खरखर, शिट्ट्या, नको ते सगळं आधी कोरून काढायला कुणीतरी हवंच.

त्या दिवशी तिच्यापुढे आलं ते बाईंचं, कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गायिकेचं गाणं. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या फोटोखालून जाताना साहेबसुद्धा आवाज खाली करत. गाण्याचं नाव हिने दोनदा वाचलं. हिची आई पूर्वी सांगायची, की यातलं दुसरं कडवं मी गायलंय. आई तेव्हा तालमीची गायिका. बाई यायच्या आधी वाद्यवाल्यांना चाल कळावी म्हणून गायची, एवढंच तिचं काम. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा बसला. मग अशा घोगऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? पोटच्या पोरीनेच ठेवला नाही. होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा आईने कौतुकाने तो विषय काढला आणि ही सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, पुरे आता. लोक हसतात." पंधरा वर्षं झाली त्याला. नंतर ते गाणं कुठे लागलं तरी आईने चकार शब्द काढला नाही.

तर त्या दुसऱ्या कडव्याच्या माथ्यावर, आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर, एक बारीक सरळ रेघ दिसत होती. कानाला जेमतेम टोचणारी शिट्टी. पहिल्या कडव्यात नाही, तिसऱ्यात नाही. गाणारीचा आवाज आला की रेघ हजर, आवाज थांबला की गायब. म्हणजे शिट्टी वाद्यांतली नव्हती, गाणारीच्या माइकमधून आलेली, ती गायली त्या खोलीतली होती.

तिने आईच्या वेळच्या रेकॉर्डिस्टकाकांना फोन लावला. ती जुन्या डबा टीव्हीची शिट्टी, काका लगेच म्हणाले. टीव्ही होता फक्त स्टुडिओच्या मागच्या छोट्या खोलीत. वाद्यवाले आवाज बंद करून मॅच बघायचे. बाई तिथे गायल्या होत्या का, असं विचारल्यावर त्यांना हसूच आलं. बाई आणि त्या खुराड्यात? तिथे तालमीचे आवाज घ्यायचे फक्त. मग ती शिट्टी दुसऱ्या कडव्यात कशी, असं तिने विचारलं.

"त्या आठवड्यात बाईंचा घसा धरला होता," काका म्हणाले. "आता कशाला उकरतेस, पोरी?"

घरी आई भाजी निवडत बसली होती. हिने चपलासुद्धा न काढता मोबाइलवर ते कडवं लावलं, रेघेचा फोटो दाखवला, टीव्हीचं, खोलीचं, काकांचं एका दमात सांगून टाकलं. पुरावा मिळाला आई, तूच गायलीस, म्हणताना तिचे डोळे भरून आले.

आईने कडवं संपेपर्यंत ऐकलं. मग हातातली जुडी खाली ठेवली.

"मी गायले ते मला माहीत नसेल होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तू कधीतरी नुसतं माझ्या सांगण्यावरून मानशील. आता ते राहूनच गेलं."