सात बावन्न

सकाळी उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धरलेलं हे मौन. आंघोळ, अंगणातल्या औदुंबराला पाणी, पोथीचा एक अध्याय, मग देवापुढं दूध-साखर. बिदरकडच्या चिटगुप्प्यातल्या आमच्या घरात सगळ्यांना त्याची सवय आहे. दूध घालणारे चनमल्लप्पासुद्धा फाटकाशी भांडं ठेवतात, मान हलवतात आणि जातात.

तोंड बंद असलं की कान जास्त उघडे राहतात. सहा वर्षं झाली, त्या वेळात मला एक आवाज ऐकू येतो. देवघराच्या फडताळामागून येतो. तान्ह्या बाळाचा श्वास, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीकसं कण्हणं. मांजराचं नाही, पाखराचं नाही. मी फडताळ हलवून पाहिलं आहे. चार श्वास होतात आणि थांबतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा घड्याळाकडं पाहिलं होतं. सात बावन्न. नंतर पाहावं लागलं नाही.

कुणाचा आवाज आहे ते मला माहीत होतं. म्हणूनच कुणाला सांगितलं नाही.

या वर्षी आषाढात विनीतानं हैदराबादहून फोन केला की सातवा लागला आहे आणि ती बाळंतपणाला माझ्याकडं येते आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी अशी आमच्याकडची रीत. तिच्या सासूबाईंनी, विमलबाईंनी, मला फोनवर विचारलंच, की दुसऱ्यांदा पण माहेरी कामून, आमच्या उदगीरला दवाखाने न्हाईत व्हय. मी हसून वेळ मारून नेली. विनीता आली ती पोटावर हात ठेवून, जिना चढताना थांबत थांबत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आई, दवाखाना तू बघ. मी बघणार न्हाई. मागच्या वेळी सगळ्यांना घाई होती. एकट्या तुला न्हवती."

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि विसळायला गेले. विसळलेला पेला पुन्हा विसळला.

तिला काय हवं होतं ते तिनं नीट सांगितलं. कळा आपोआप येऊ द्यायच्या. तारीख ठरवायची नाही, सलाईनमधून औषध घालून घाई करायची नाही, उगीच खाली चिरून टाके नकोत. चालू-फिरू द्यावं, बाळ लगेच छातीवर द्यावं. आणि मुख्य म्हणजे मागच्या खेपेला पोट कापलेलं असूनही या खेपेला आपलं आपण होऊ देतील असे डॉक्टर हवेत. पण मागे शस्त्रक्रियेची खोली तयार हवी, रक्ताची सोय हवी. ती काही हट्टी नाही. तिनं सगळं वाचलं होतं, हैदराबादच्या डॉक्टरांनाही विचारलं होतं. तुझा टाका चांगला भरला आहे, सहा वर्षांचं अंतर आहे, जपून करता येईल, असं त्या म्हणाल्या होत्या.

ह्यांना सोबत घेऊन मी दवाखाने पाहायला निघाले. जवळच्या एका ठिकाणी डॉक्टरांनी कागद बघितले न बघितले आणि सांगितलं, एकदा कापलं म्हणजे पुन्हा कापायचंच. दुसरा दवाखाना बिदरला, नवा कोरा. खाली गणपती, वर लिफ्ट. तिथल्या बाईंनी माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि फार आदरानं विचारलं, पंचांग बघून आलात का आज्जी? तुमच्या गुरुजींनी वेळ काढून दिली तर डॉक्टर जुळवून घेतात.

मी तशीच दाराकडं वळले. ह्यांना वाटलं ऊन लागलं. बाहेर बाकावर बसवून ह्यांनी मला सोडा पाजला.

तिसरा कलबुर्गीला. मोठ्या रस्त्यावरून आत गल्लीत, बारा खाटांचा, दारात कडुनिंब. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. मी जे जे विचारलं त्याचं त्यांनी सरळ उत्तर दिलं. कापलेल्या पोटाच्या किती बायका इथं आपल्या आपण मोकळ्या झाल्या, किती जणींना शेवटी पुन्हा कापावं लागलं, कधी थांबायचं नसतं. जिथं धोका आहे तिथं हो म्हणणार नाही, असंही म्हणाल्या. सोबत एक बाई आत राहू शकते. त्यांच्याकडं एक जुनी सिस्टर आहे, ती कळा सुरू झाल्यापासून बाईचा हात सोडत नाही. त्यांनी तिला हाक मारली.

नागव्वा आली. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखलं. तिनंही ओळखलं. विनीताचे कागद हातात घेतले, नाव वाचलं, आणि माझ्याकडं पाहिलं, सहा वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसंच.

आता ते सांगते.

विनीताचं पहिलं मूल पायाळू होतं. तेव्हाच्या बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फिरलं नाही तर कापावं लागेल, पण अजून दिवस भरले नाहीत, पंधरा दिवस थांबू. पंधरा दिवसांनी पितृपक्ष लागत होता. मी गुरुजींकडं गेले. त्यांनी त्याच आठवड्यातला गुरुवार काढून दिला, सकाळी सात बावन्न. दत्तमहाराजांचा वार. मला वाटलं, कापायचंच आहे तर पितरांच्या दिवसांत कशाला. मी डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेले. मी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. हळू बोलणाऱ्या बाईला लोक नाही म्हणू शकत नाहीत, हे मला आयुष्यभर माहीत आहे. ते दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा बरं म्हणाले. दाराशी नागव्वा उभी होती, तेव्हा ती तिथं कामाला होती. मी बाहेर पडताना कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "येरड वारा तडीरी, अक्का." दोन आठवडे थांबा.

मी थांबले नाही. घरी येऊन विनीताला सांगितलं की डॉक्टरांनीच गुरुवार दिला आहे.

मुलगा झाला. सात बावन्नलाच झाला, मिनिटाचा फरक नाही. पण छाती आत ओढली जात होती, आणि प्रत्येक श्वासाला तो कण्हत होता. काचेच्या पेटीबाहेरून ऐकू यायचं. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं पिकली नव्हती. शनिवारी गेला. बारावा दिवस आलाच नाही, म्हणून त्याला नाव नाही. ह्यांनी आणि जावयानं, गिरिधररावांनी, त्याला शेताच्या कडेला मातीत दिलं. विनीता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर टाके घेऊन पडली होती, आणि मी तिच्या उशाशी बसून म्हणत होते की डॉक्टरांनी घाई केली.

कलबुर्गीहून परत येताना बसमध्ये ह्यांनी विचारलं, मग हाच ना? मी म्हणाले, लांब पडतो. घरी विनीतालाही तेच सांगितलं. रस्ता खराब आहे, दवाखाना लहान आहे, अजून बघू. सगळं खोटं. विनीता म्हणाली, तू म्हणशील तसं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार श्वास झाले आणि आवाज थांबला नाही. पाच झाले, सहा झाले. मी पोथीतली ओळ बोटानं धरून बसले. तिसऱ्या दिवशी अध्याय संपेपर्यंत चालला. चौथ्या दिवशी तो फडताळामागून निघाला आणि माझ्या मागं येऊन राहिला, मानेजवळ, जसं खांद्यावर घेतलेलं मूल असतं तसा. विनीता समोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिच्या पोटावर परात टेकली होती, आणि आतून ढुशी बसली की परात हलत होती.

मी पोथी मिटली. अध्याय अर्धा होता.

"विनी, तारीख डॉक्टरांनी दिली न्हवती. मी मागितली होती."

ती आधी माझ्या आवाजालाच दचकली. त्या वेळेला माझा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. मग मी काय बोलले ते तिच्यापर्यंत पोचलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"थांबा म्हणाले होते. पंधरा दिवस."

तिनं शेंग परत उचलली, सोलली, दाणे परातीत टाकले. सगळ्या शेंगा संपवल्या. दिवसभर तिनं माझ्या हातचं वाढून घेतलं नाही. ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. ते शेताकडं निघून गेले आणि दिवे लागल्यावर परत आले. रात्री मी देवापुढं बसले तेव्हा विनीता मागं येऊन उभी राहिली.

"कलबुर्गीचा दवाखाना लांब आहे म्हणून नको म्हणालीस? खरं सांग."

"न्हाई. तिथली सिस्टर तेव्हा बिदरला होती. तिला माहीत आहे."

"आणि दवाखाना?"

"सगळ्यांत चांगला तोच आहे."

"मग तिथंच," ती म्हणाली.

दिवस भरायच्या तीन आठवडे आधी आम्ही कलबुर्गीला दवाखान्याजवळ एक खोली घेतली. गिरिधरराव रजा काढून आले. विनीता कामापुरती बोलायची. मीठ दे, दार लाव. नागव्वाकडं मात्र रोज चालत जायची आणि तिथून येताना चेहरा मोकळा असायचा. त्यांचं काय बोलणं व्हायचं ते मी विचारलं नाही. तो आवाज चिटगुप्प्याला राहील असं मला वाटलं होतं. पहिल्याच सकाळी भाड्याच्या खोलीत, ट्रंकेवर मांडलेल्या देवांमागून आला, पुन्हा पहिल्यासारखा चारच श्वास.

कळा सुरू झाल्या त्या अमावास्येला. पहाटे विनीता उठून बसली आणि म्हणाली, आलंय. मी देवापुढं दूध-साखर ठेवून उठले तोच विमलबाईंचा फोन आला, आजचा दिवस टळतो का बघा की जरा, डॉक्टर काही देत असतील ना थांबवायला. मी एवढंच म्हणाले की आता मी कुणाला काही विचारणार नाही.

दवाखान्यात गेल्यावर नागव्वानं विचारलं, सोबत आत कोण येणार. मी माझी पिशवी उचलली. विनीतानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "नागव्वाक्का आहेत. पुरे."

मी पिशवी खाली ठेवली. बाहेरच्या बाकावर बसले. दार उघडं व्हायचं तेव्हा विनीता दिसायची. भिंतीला हात लावून चालणारी, खिडकीचे गज धरून वाकलेली. नागव्वा तिची कंबर दाबत होती. डॉक्टर बाई मधून मधून यायच्या, बाळाचे ठोके ऐकायच्या, टाक्याच्या जागी दुखतंय का विचारायच्या आणि जायच्या. शस्त्रक्रियेच्या खोलीचा दिवा लावून ठेवलेला होता. त्या दिव्याकडं मी बघत नव्हते. सकाळ गेली, दुपार झाली. गिरिधररावांनी आणलेला चहा माझ्या हातात गार झाला. पाठ असलेली सगळी स्तोत्रं आठवत होती, पण एकही शेवटापर्यंत गेलं नाही.

दुपार कलायला लागली तशी नागव्वा बाहेर आली. कपाळ घामानं भिजलेलं. मी उभी राहिले. तिनं हातानं बसा म्हणून खुणावलं, आणि तिला सांगायला अवघड जात होतं हे मला दिसलं.

"पोरगी विचारायली, अक्का. म्हणती, आईला विचारून या, आता मुहूर्त कसा हाय."

बाकावरच्या बाकीच्या बायका माझ्याकडं बघू लागल्या. मी माझं डावं मनगट पुढं केलं. त्यावर नुसता पांढरा पट्टा उमटलेला होता. निघताना मी घड्याळ पोथीच्या फडक्यात गुंडाळून चिटगुप्प्याला ठेवलं होतं.

"तिला सांगा, माझ्याजवळ घड्याळ न्हाई."

नागव्वा आत गेली. दारापलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कळेचा, मला कळलं नाही. त्यानंतर किती वेळ गेला तेही मला सांगता येणार नाही. मग रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत, रागावल्यासारखं. मुलगी झाली होती. पोट कापावं लागलं नाही. बारीक दोन टाके पडले, पण ते आपोआप फाटलं म्हणून, कुणी चिरलं नव्हतं. वेळ कागदावर लिहिलेली असणार. मी तो कागद वाचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विनीताच्या खाटेपासून जरा लांब, खिडकीजवळ उभी होते. मोडलेलं मौन मी दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा धरलं होतं. कडुनिंबावर ऊन आलं होतं. पोर विनीताच्या छातीवर निजली होती, तिचा श्वास बघावा लागत होता, ऐकू येत नव्हता. घड्याळ नव्हतं, तरी वेळ झाल्याचं मला कळलं, कारण तो आवाज आला. खाटेच्या पायथ्याशी. बारीक, प्रत्येक श्वासाला.

मी पोरीकडं पाहिलं. आवाज तिचा नव्हता. मग विनीताकडं पाहिलं, आणि ती माझ्याचकडं बघत होती. नंतर तिनं खाटेच्या पायथ्याकडं पाहिलं, नेमकं तिथंच.

"तुला पण येतं ऐकू?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, मला एकटीलाच. हैदराबादला पण येतं. गिरिधर कामाला निघतात, त्याच वेळेला. त्यांना काय सांगू म्हणून गप राहिले." मी तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तिनं हात वर केला. "बोलू नकोस आई. ऐक."

तिनं पाय जवळ ओढून घेतले आणि खाटेवर जागा केली. मी जाऊन बसले. आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्या दिवशी चार श्वासांवर तो थांबला नाही.