राणीचं गोंदण

"उठू नका म्हनलं ना मी! पाय लटपट कापून राहिले, अन् निघाले राणी व्हायले!"

गोपिकानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा घोंगडीत दाबलं. भैयाजी दबला, पण ऐकला नाही. दातावर दात वाजत होते, तरी एका हातानं तो उशाशी पिवडीची डबी चाचपत होता. तीन दिवसांपासून हिवताप त्याच्या मानगुटीवर बसला होता. दुपार कलली की आधी थंडी, मग अंगाची भट्टी, मग घाम, असा त्या तापाचा नेम. आणि आज दुपार कलायच्या वेळीच मंडईत दंडार उभी राहायची होती.

दिवाळी झाली की नागपूर-उमरेड सडकेच्या दोन्ही अंगांना गावोगावी मंडई भरते. कापलेल्या धानाच्या बांधीत दुकानं लागतात, पाहुणे येतात, आणि भर उन्हात गावची दंडार नाचते, गाण्या-सोंगांचं गावरान नाटकच ते. कोष्टीपुऱ्याच्या दंडारीत अकरा वर्षं राणी म्हणजे भैयाजी. एरवी मागाच्या खड्ड्यात कंबरेइतका बुडालेला, कोणाच्या लक्षातही न येणारा हा किरकोळ माणूस त्या एका दुपारी लुगडं नेसून निघाला की बाजार थांबायचा. बाईचं काम बाप्यानं करायचं, हे सगळ्यांना सूर्य उगवण्याइतकं सरळ वाटत होतं. वाकडं वाटलं ते रंभाबाईचं.

रंभाबाई गोपिकाच्याच गल्लीतली. तीन वर्षांमागं शेजारच्या गावी तिच्या भावाच्या दंडारीतली राणी ऐन वेळी पळाली, तेव्हा ही उभी राहिली. दोन गाणी म्हणाली, आणि चांगली म्हणाली. चौथ्या दिवशी जातीची पंचायत बसली. मुखियाची आई रुख्माबाई पुढं येऊन एवढंच बोलली, "म्या माह्या डोयानं पायलं. बाईच व्हती." तेवढं पुरलं. रंभाबाईला वाळीत टाकलं. कोणी विस्तव देईना, विहिरीवर कोणी दोर देईना, सूत देणारा दारावरून पुढं जायचा. अर्धं विणलेलं लुगडं तसंच मागावर राहिलं, त्याच्यावर कोळ्यांनी जाळी विणली. मग एका सकाळी दार ओढून घेऊन ती नागपूरला गेली. गिरणीत आहे म्हणतात. दुसरंही काही म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांची तोंडं धुवायला हवीत.

"सांगून पाठवतो दंडारवाल्या बाबनभाऊले, यंदा नाही जमत म्हनून," गोपिका म्हणाली.

"विडा उचलला म्या," भैयाजी कुडकुडत बोलला. "महादेवाचं काम करनाऱ्याचं काय झालं, इसरली का?"

विसरली कशी असेल? चार वर्षांमागं महादेव झालेला गडी ऐन वेळी पोट धरून बसला आणि दंडार उभीच राहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली, नऊ माणसं गेली. विहिरीच्या पाण्याला कोणी दोष दिला नाही, त्या गड्याला दिला. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो त्याच्या दारात येऊन थुंकायचा. सहा महिन्यांत तो लेकराबाळांसह गाव सोडून गेला.

"मंग काय करता?"

"तू उभी राय."

गोपिकाला हसू आलं. मग तिनं पाहिलं की तो हसत नाही.

"तोंडावर पिवडी, डोक्यावर पदर. लुगडं तं तुहंच हाय. बोलनं चार वाक्याचं, बाकी सारं झिलकरी गातेत. तुले तं माह्यापेक्षा जास्त पाठ हाय."

हे खोटं नव्हतं. दसरा झाला की रोज संध्याकाळी तो तिच्यासमोर तालीम करायचा. घागर कमरेवर कशी घ्यायची, लुगडं सावरून कसं बसायचं, सगळं तिनंच शिकवलं होतं. हाडापेरानं ती त्याच्याहून रुंद होती, आणि कापसाचा भुगा खाऊन खाऊन तिचा आवाज त्याच्यापेक्षा घोगरा झाला होता.

"अन् कोनं ओयखलं तं?"

भैयाजीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण थंडीनं त्याला गाठलं. घोंगडीखालून नुसता दातांचा आवाज येत राहिला. बांधीकडून ढोलकीची थाप ऐकू आली. गोपिकानं डबी उघडली. तोंडावर पिवडी फासली, डोळ्यांत ढीगभर काजळ घातलं.

मांडवात पोचेपर्यंत तिला सतरा वेळा मागं फिरावंसं वाटलं. धानाची धसकटं तळव्यांना टोचत होती आणि ऊन असं लख्ख, की माणसाच्या भुवईचा केसही मोजून घ्यावा. राजाचं काम करणारा बाबनराव म्हणजे दंडारीचा मालक. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला, पण ते तो मेला तरी कबूल करायचा नाही. लाकडी तलवारीनं पाठ खाजवत तो म्हणाला, "आला का गा भैया? ताप उतरला?"

गोपिकानं नुसती मान हलवली.

"घसा बसला काय? असू दे. कमर चालली म्हंजे झालं."

ढोलकी कडाडली आणि ती बाहेर पडली. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया, पुढं पोरं. हजार-बाराशे डोळे असतील. तिला ते सगळे रुख्माबाईचे वाटले. खरी रुख्माबाई बायांच्या पुढच्या रांगेत बसली होती, पितळेचा तांब्या मांडीशी घेऊन, अडकित्त्यानं सुपारी कातरत. पांढरं कपाळ, दगडासारखा चेहरा.

गोपिका चालली. रोज विहिरीवर जाते तशी चालली. दुसरी चाल तिला येतच नव्हती.

"काय गा भैया, औत हाकून राहिला काय?" बाप्यांतून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला.

बाबनराव राजाच्या ऐटीत जवळ आला आणि मिशीआडून फिसकारला, "कमर हालव ना गा!"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भैयाजीची राणी तिनं शिकवलेली बाई नव्हतीच. तो ते मुरडणं, मान वेळावणं, ओठ चावणं कुठून आणायचा ते देव जाणे. कोष्टीपुऱ्यात तशी चालणारी एकही बाई नव्हती. पण लोकांना बाई म्हणून तीच ठाऊक होती. गोपिकानं नवऱ्याची नक्कल करून कंबर हलवली. हलली, पण ओझ्याखालच्या गाडीसारखी.

एक बरं झालं. लोक नाराज होत होते, पण संशय कोणाला येत नव्हता. झिलकऱ्यांनी गाणं उचललं, तिनं हात वर केला, आणि तो तिथंच राहिला.

हातावरचं गोंदण कोरडं ठणठणीत होतं.

भैयाजी दर वर्षी तव्याची काजळी पाण्यात कालवून काडीनं आपल्या हातावर गोंदण काढायचा. तुळस, विंचू आणि पाच ठिपके, थेट गोपिकाच्या हातावरचं पाहून. अर्धी दंडार होईतो घामानं ते ओघळायला लागायचं. आणि शेवटी राणी उतरवायची. ती या गावची रीतच होती. बाप्याच्या अंगात आलेली राणी तशीच राहू नये, म्हणून गावातली वडील बाई तांब्यातलं पाणी राणीच्या हातावर ओतायची आणि चोळायची. काळं पाणी वाहिलं, गोंदण गेलं, की राणी गेली. पोरं ओरडायची, "बाप्या हाय, बाप्या!" आणि मंडई मोडायची.

गोपिकाचं गोंदण सातव्या वर्षी सुईनं टोचलेलं. ते चितेवरच जायचं होतं.

घाईत दोघांनाही हे सुचलं नव्हतं. अकरा वर्षं तो हात धुऊन यायचा आणि अकरा वर्षं ती धुतलेला हात पाहायची, तरी सुचलं नव्हतं. तिनं रुख्माबाईकडं पाहिलं. म्हातारी सुपारी चघळत होती. वडील बाई तीच होती, तांब्या तिच्याच मांडीशी होता.

पळावं? राणी मधूनच पळाली तर दंडार मोडली, विडा मोडला. थांबावं? मग तांब्या होताच. चार वाक्यांतली दोन ती कशीबशी बोलली. आपला माग, त्यावरचं अर्धं लुगडं आणि त्याच्यावर कोळ्यांची जाळी तिला डोळ्यांपुढं स्पष्ट दिसत होती.

मग राणीचं पोर साप चावून मरतं तो भाग आला. इथं भैयाजी असा हंबरडा फोडायचा की दोन कोसांवर ऐकू जावा. झिलकऱ्यानं चिंध्यांचं बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

मागच्या श्रावणात गोपिकाच्या मांडीवर तिचं स्वतःचं पोर असंच पडलं होतं, आठ महिन्यांचं. तेव्हा तिला रडूच फुटलं नव्हतं. पोराचे पाय गार लागले म्हणून तिनं ते पदरात गुंडाळले होते आणि बायांनी उचलून नेईपर्यंत धरून ठेवले होते. आत्ताही तिनं चिंध्यांचे पाय पदराखाली घेतले आणि बसून राहिली. तेवढा वेळ ती भीतीही विसरली.

"रड ना गा भैया!" बाप्ये ओरडले. "आवाज घरी ठेवून आला काय?"

बाबनराव कपाळावर हात मारून घेत होता. बायांच्या अंगाला मात्र कोणी हसलं नाही. कोणाचं लेकरू कुरकुरलं, ते आईनं छातीशी दाबलं. रुख्माबाईचा अडकित्ता थांबला.

गोपिकानं मान वर केली तेव्हा म्हातारी तिच्याकडं टक लावून पाहत होती. ओळखलं, हे तिला तिथंच कळलं.

ढोलकीनं शेवटची थाप दिली. "राणी उतरवा!" बाबनरावानं हाळी घातली, एकदाचं संपवा अशा आवाजात. रुख्माबाई तांब्या घेऊन गुडघ्यावर हात देत उठली. गोपिका खाली बसली. पोरं जवळ सरकली.

"हात," रुख्माबाई म्हणाली.

गोपिकानं हात पुढं केला. पाणी पडलं. स्वच्छ, निथळ पाणी मातीत गेलं. म्हातारीनं अंगठ्यानं विंचू चोळला. विंचू हलला नाही. दुसऱ्यांदा पाणी पडलं, तेही तसंच.

"काहून गा आजी, निघत नाही काय?" एक पोरगं वाकून म्हणालं.

मागची माणसं माना उंच करायला लागली. गोपिकानं डोळे मिटले. नागपूरच्या सडकेवर बोचकं घेऊन कोणत्या अंगानं चालायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात म्हातारीचा ओला पंजा तिच्या तोंडावरून खसकन फिरला, दोन्ही डोळ्यांवरून, चांगला दाबून. डोळ्यांतलं ते ढीगभर काजळ ओलं झालं. ते सगळं पंज्यात आलं. तोच पंजा रुख्माबाईनं गोंदणावर ठेवला आणि वरून तांब्या उपडा केला. हातावरून काळं पाणी ओघळलं.

"निघालं!" म्हातारी खणखणीत ओरडली आणि आपल्या पदरानं तो हात कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट गुंडाळून टाकला. "बाप्याच हाय!"

"बाप्या हाय, बाप्या!" पोरांनी गिल्ला केला. ढोलकीवाल्यानं ढोलकी खांद्याला अडकवली. लोक उठले, धोतरं झटकून जिलबीच्या दुकानाकडं निघाले.

हात पुसायचं सोंग करत रुख्माबाई तिच्या कानाशी वाकली.

"रंभीचं तोंड अजून दिसते मले," ती म्हणाली. "पन पुन्हा उभी राहशीन, तं मीच सांगीन. समजली? आता झाक थो हात अन् जाय."

गोपिका घरी कशी पोचली ते तिला पुढं कधीच आठवलं नाही.

दिवेलागणीला बाबनराव आला. भैयाजीचा ताप उतरला होता, घामानं निथळत तो भिंतीला टेकून बसला होता. गोपिका कोपऱ्यात चात्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिचं सूत तीनदा तुटलं.

"भैया, एक सांगू काय? राग नको मानू गा," बाबनराव खाटेवर टेकत म्हणाला. "आज बाई काही जमली नाही तुले."

"ताप व्हता भाऊ," भैयाजी म्हणाला.

"तापाचं मी समजतो. पन थे चाल काय, थे रडनं काय! कोठूनबी पायलं तं बाप्या दिसून राहिला व्हता. पावने म्हनून राहिले, तुमच्या राणीत बाईचा वासबी नाही. मी तोंड कोठं लपवू?" मग बारीक झालेल्या डोळ्यांनी त्यानं कोपऱ्याकडं पाहिलं. "वैनी, तुमी घरातल्या घरात हाव. पुढच्या मंडईपावतर याले जराशी बाई कशी असते, थे शिकवा ना!"

चात्याचा आवाज थांबला.

"शिकवतो भाऊजी," गोपिका म्हणाली, आणि पदर मनगटापर्यंत खाली ओढून तिनं तुटलेलं सूत पुन्हा जोडायला घेतलं.