वालूरचे अडकलेले रिपोर्ट

परभणीच्या एका खासगी रक्त तपासणी लॅबचा सर्व्हर सुकेशनी सांभाळायची. गावोगावच्या केंद्रांतून येणाऱ्या फायली ठरलेल्या फोल्डरांतच उतराव्यात, बाकी कशाला हात लागू नये, म्हणून तिनं महिनाभर खपून एसईलिनक्स या सुरक्षाप्रणालीचे सक्तीचे नियम बसवले होते.

एका सकाळी वालूरच्या नव्या केंद्राचे रिपोर्ट अडकले. मालक माणिकराव चिडले. "बंद करा ते नियम!"

"सर, नव्या फोल्डरला परवानगीचं लेबल लावायचं राहिलंय. अर्धा तास द्या."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या तिच्या सहकाऱ्याला, योगीराजला सांगितलं. त्यानं मुकाट्यानं नियम बंद केले आणि रिपोर्ट धडाधड आले. "उगं बाऊ करायलाव तुमी," माणिकराव तिला म्हणाले.

नियम त्यांनी बंदच ठेवायला लावले. पंधरवड्यात कुणीतरी बाहेरून सर्व्हरमध्ये घुसलं आणि सगळे रिपोर्ट पुसून गेलं. खुलाशाची नोटीस सुकेशनीला मिळाली.

"बंद करायला तुमीच सांगितलं होतं, सर."

"लेखी हाय का?"

तिनं योगीराजकडं पाहिलं. "मला काय ठावं न्हाई," तो म्हणाला.

माणिकरावांकडून तिला खऱ्याची अपेक्षाच नव्हती. योगीराज मात्र दोन वर्षं तिच्या डब्यातलं जेवला होता.