दाराकडे तोंड करून

बागेकडे कुणी बघत नाही, हे धाकटीने पहिल्याच आठवड्यात मास्तरांना तोंडावर सांगितलं, आणि सगळ्या स्टुडिओने माना वर केल्या.

तिला गप्प बसवणं घरी कुणाला जमलं नव्हतं, ते इथे परक्या मुलखात कुणाला जमणार! वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाचं एक सत्र ती परदेशातल्या या कॉलेजात करायला आली होती. निघताना आत्याने नाक मुरडलं होतं, "बाप जाऊन वर्ष नाही झालं आणि ही निघाली मिरवायला." आई बॅगेत स्वेटर कोंबत होती. दादाने विमानतळावर एवढंच बजावलं, "तिकडे सगळ्यांशी भांडू नकोस. दोघा-चौघांना तरी सोड."

कॉलेजशेजारच्या लहानशा हॉस्पिटलला ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाइकांना बसायला नवी खोली हवी होती. प्रत्येकाने ती आपापल्या परीने आखायची, शेवटी परीक्षक एक आराखडा निवडणार आणि तो खरोखर बांधला जाणार. धाकटीने आजवर कागदावर शाळा बांधल्या होत्या, ग्रंथालय बांधलं होतं, झालंच तर एक बसस्थानक. प्रत्यक्षात वीटही चढली नव्हती. ही खोली तिला हवी होती, आणि आपल्याइतकी ती कुणालाच कळलेली नाही याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बाकीच्यांच्या खोल्या देखण्या होत्या. मोठ्ठी काच, काचेबाहेर झाडं आणि झाडांकडे तोंड केलेल्या खुर्च्या. एकाने तर माशांची टाकीही ठेवली होती. धाकटीच्या खोलीत मात्र सगळ्या खुर्च्या थिएटरच्या दाराकडे बघत होत्या, आणि बाग बिचारी बाजूला.

"तू लोकांना भिंतीकडे बघत बसवते आहेस," मास्तर म्हणाले. त्यांना इथे सगळे नावाने हाक मारत. धाकटीच्या जिभेला ते पेलेना, म्हणून ती हाकच मारत नसे. नुसती समोर जाऊन उभी राही.

"भिंतीकडे नाही. दाराकडे."

"आणि बागेकडे कुणी बघत नाही, हे कशावरून?"

इथे मात्र धाकटीची गाडी अडली. कशावरून ते तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांचं ऑपरेशन चालू असताना ती आणि आई अशाच एका खोलीत बसल्या होत्या. समोर टीव्ही, दार पाठीमागे. खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या, त्यामुळे वळवायची सोय नाही. दिवसभर दोघी माना मुरडून मागे बघत राहिल्या आणि नेमक्या ज्या क्षणी नजर सुटली त्याच क्षणी पाठीमागून आवाज आला, "पेशंटचे नातेवाईक कोण?" पुढे आठवडाभर आईची मान धरलेली होती. भेटायला येणाऱ्यांना वाटे, रडून रडून.

हे तिने मास्तरांना सांगितलं नाही.

तिच्या खोलीवर राहणारी मुलगी तिच्याच वर्गात होती. ताडमाड उंच, म्हणून धाकटीने तिचं नाव जिराफ ठेवलं होतं आणि तिला ते आवडलंही होतं. बाबांचं फक्त तिला माहीत होतं.

"अगं, सांगून टाक ना!" मॉडेलसाठी पुठ्ठा कापता कापता जिराफ म्हणाली. "परीक्षकांना सांग. सगळे रुमाल काढतील, खोली तुझी. विषय संपला."

"माझे बाबा म्हणजे शिफारसपत्र आहेत का?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. ते गेले म्हणून खोली चांगली ठरणार असेल, तर ती चांगली नाहीच. आणि चांगली असेल, तर त्यांना मध्ये आणायचं काय कारण?"

"मग हरशील."

"मी? बघू या."

त्या रात्री दोघींनी मिळून बेत शिजवला.

निवडीच्या दिवशी धाकटीने मॉडेलवरचं कापड काढलंच नाही. परीक्षकांमध्ये मास्तर, दुसरे दोन प्राध्यापक आणि त्या हॉस्पिटलच्या सर्जनबाई होत्या. तिने चौघांना खिडकीसमोर मांडलेल्या खुर्च्यांत बसवलं. बाहेर कॉलेजची बाग होती, चांगली फुललेली.

"तुमचे फोन द्या," ती म्हणाली. चौघांनी हसत हसत दिले. जिराफने ते ट्रेमध्ये गोळा केले आणि पाठीमागच्या दाराआड नेले.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"आता काही नाही. तुमच्या फोनचं आत काम चाललंय. झालं की सांगतील."

"काय काम?"

"ते आत्ता सांगता येणार नाही. आपण बागेकडे बघा ना."

थोडा वेळ त्यांनी खरंच बघितलं. मग एका प्राध्यापकांनी मान वळवली. मग दुसऱ्यांनी. मास्तर नेटाने झाडांकडे बघत राहिले खरे, पण त्यांची खुर्ची हळूहळू तिरकी होत चालली होती. एवढ्यात आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. चौघेही ताडकन उठून वळले. फुटलेला जिराफचा स्वतःचा कप होता आणि तो बेतात नव्हता. तो तिने आयत्या वेळी घातलेला मसाला.

धाकटीने शांतपणे मॉडेलवरचं कापड काढलं. "बाग बाजूला आहे," ती म्हणाली. "ज्याला हवी त्याने बघावी."

मास्तर मोठ्यांदा हसले. तेवढ्यात दार उघडून जिराफ ट्रे घेऊन बाहेर आली. चार जोडी डोळे एकदम तिच्यावर पडले तशी ती उंबऱ्यातच थिजली, कानापर्यंत लाल झाली.

"हिच्याकडे बघा," सर्जनबाई म्हणाल्या. त्या एकट्याच हसत नव्हत्या. "ही मी आहे. तुझी खोली बरोबर आहे, मुली. पण दार उघडलं की एवढी तोंडं एकदम माझ्याकडे, आणि त्यांना काय सांगायचं ते फक्त मला माहीत. वाईट बातमी असली की मी आतच रेंगाळते. धुतलेले हात पुन्हा धुते. माझी सोय कुठे केलीस?"

धाकटीला बाबांचे डॉक्टर आठवले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. आम्ही इथे जीव मुठीत धरून बसलोय आणि हा माणूस आत निवांत हात धुतोय, हा राग ती आजवर मनात धरून होती. आत्ता पहिल्यांदाच तिला ते डॉक्टर दाराच्या आतल्या बाजूला उभे दिसले. नळ चालू, आणि पाय निघत नाहीत.

"नाही केली," ती म्हणाली. "चुकलं. पेन्सिल आहे का कुणाकडे?"

मास्तरांनी दिली. धाकटीने नकाशा टेबलावर पसरला आणि दाराच्या आत, थिएटरच्या बाजूला, एक छोटी चौकट आखली. तिच्यात बेसिन काढलं, एक खुर्ची काढली.

"इथून तुम्ही बाहेरच्यांना दिसणार नाही. त्यांना फक्त दार दिसेल. तुमची तयारी झाली की तुम्ही दार उघडायचं."

"आणि मला वेळ लागला तर?"

"लागू द्या," धाकटी म्हणाली. "ते थांबतील. कुठे बघायचं ते त्यांना माहीत असेल."

सर्जनबाई नकाशावर वाकल्या. बराच वेळ बघून त्यांनी मास्तरांकडे मान डोलावली. मास्तरांनी बाकी दोघांकडे बघितलं, आणि पुढचा आराखडा कुणी मागितलाच नाही.

"खुर्ची जरा रुंद कर," सर्जनबाई म्हणाल्या. "मी त्यात मावायची नाही."

धाकटीने खोडरबर घेतला.