गाडी सरळ दिसत होती

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी जोड आहे. पिकअप गाडीच्या शेपटाला मी बसतो आणि माझ्यामागून ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, ओढत येते. मी काळा, ओबडधोबड आणि ग्रीसने माखलेला आहे. माझ्याकडे कौतुकाने पाहावे असे माझ्यात काही नाही, पण माझे काम मोठे जोखमीचे आहे.

मागे ओझे जास्त झाले की बैलगाडी कशी उलार होते, ते तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. ट्रेलर जोडल्यावर पिकअपचेही तसेच होते. ट्रेलरचे नाक गाडीच्या शेपटावर टेकते, शेपूट खाली बसते आणि पुढची चाके हलकी होतात. मग स्टिअरिंग वळवले तरी चाके रस्ता घट्ट धरत नाहीत. माझे दोन लांब पोलादी दांडे साखळ्यांनी ताणून ट्रेलरला बांधले, की त्यातले काही ओझे पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर वाटले जाते. दांडे ताणलेले नसले, तर मी नुसता शोभेचा.

भट्टीतून निघालेला, कोऱ्या रंगाचा वास येणारा मी अमेरिकेत, वायोमिंगमधल्या हार्लन स्ट्राउडच्या अंगणात आलो. हार्लन तेव्हा धट्टाकट्टा होता. लोखंडी कांबीने तो माझ्या साखळ्या खटकन वर ओढायचा आणि बायकोला म्हणायचा, "नेड्रा, हा आहे तोवर आपली गाडी वाऱ्याला भीक घालणार नाही!" ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. डोंगर, नद्या, गारांचे तडाखे, सारे आम्ही मिळून पाहिले.

मग हार्लनचा उजवा खांदा दुखू लागला. त्याने ते कुणाला सांगितले नाही. मला मात्र कळले, कारण साखळी ओढताना तो दात आवळून घेई. एक दिवस त्याने पिकअपच्या मागच्या चाकांपाशी रबरी पिशव्या बसवल्या. त्यांत हवा भरली की गाडीचे शेपूट वर उचलले जाई. त्या पिशव्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. पण त्या फक्त उचलतात, ओझे वाटत नाहीत.

त्या वर्षी गवताळ माळाला वणवा लागला आणि त्यात त्यांच्या मुलीचे, रोवीनाचे, घर जळाले. दोन लेकरांना घेऊन ती चर्चच्या हॉलमध्ये राहत होती. तिला राहायला आपला ट्रेलरच नेऊन द्यायचा, असे दोघांनी ठरवले. नेड्राने त्यात लोखंडी शेगडी, गोधड्या आणि पीचची फळे घातलेल्या बरण्या भरल्या. सारे जड सामान पुढे लागले आणि ट्रेलरचे नाक कधी नव्हे इतके माझ्यावर रेलले.

हार्लनने आधी पिशव्या टम्म फुगवल्या. शेपूट वर आले, माझे दांडे सैल पडले आणि साखळ्या आपसूक आकड्यात बसल्या.

"बघ, एका हाताने लागल्या!" तो म्हणाला.

नेड्राने साखळी हलवून पाहिली. "अरे, ही तर गळ्यातल्या माळेसारखी लोंबतेय."

"गाडी सरळ दिसतेय ना? मग बस आत. तुझ्या बरण्यांनीच ट्रेलर भरलाय, आणि वर मलाच शिकवतेस!"

मला ओरडावेसे वाटले. पण लोखंडाला कंठ नसतो.

माळ ओलांडून आम्ही लांब उताराला लागलो आणि आडवा वारा सुटला. सगळा भार पिकअपच्या शेपटावर साचला होता. पुढची चाके रस्त्यावरून जणू तरंगत होती. तेवढ्यात एक अजस्र मालट्रक आम्हाला मागे टाकून गेला. त्याच्या हवेने ट्रेलर आधी ओढला गेला, मग ढकलला गेला, आणि डुलू लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. ट्रेलरचे नाक ज्यावर बसते तो माझा गोळा करकरू लागला. सैल दांडे खडखडत होते आणि त्यांना काहीच आवरता येत नव्हते. कडेला खोल घळ होती. आता मी तुटेन आणि ही दोन माणसे त्या घळीत जातील, या भीतीने माझा कण न् कण आकसला.

आत काय झाले, ते नेड्राने नंतर मुलीला सांगितले. हार्लनचा पाय ब्रेककडे गेला, तशी ती किंचाळली, "ब्रेक नको! स्टिअरिंग सरळ धर, बाकी सगळं सोड!" आणि हात लांब करून तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी मूठ सरकवली. मागून ट्रेलरने गाडीला आवरून धरले. डुलणे कमी झाले. हळूहळू आम्ही कडेला थांबलो.

हार्लन खाली उतरला आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसला.

"हात वर जात नाही गं माझा," तो म्हणाला. "वसंत ऋतूपासून."

"मग बोलायचं होतंस की, दगडा!" नेड्रा रडत होती आणि त्याच्या पाठीत हलके गुद्देही मारत होती. "मला हात नाहीयेत का?"

त्यांनी पिशव्यांतली जवळजवळ सगळी हवा सोडली. बरण्या आणि शेगडी ट्रेलरच्या मधोमध चाकांवर सरकवली. मग नेड्राने ट्रेलरच्या नाकाखालचा जॅक फिरवून मला गाडीच्या शेपटासकट वर उचलले. तेव्हा तिने साखळ्या दोन कड्या आखूड घेऊन आकड्यात लावल्या. जॅक खाली येताच माझे दांडे ताणले गेले आणि पुढची चाके पुन्हा रस्त्यावर घट्ट टेकली. शेपूट अजून जरासे खाली होते, तेवढे उचलण्यापुरती थोडीशी हवा तिने पिशव्यांत सर्वांत शेवटी भरली.

संध्याकाळी रोवीनाची लेकरे ट्रेलरकडे धावत आली. हार्लनने डाव्या हाताने धाकट्याला उचलले आणि दुखरा उजवा न लपवता तसाच लोंबू दिला.

आता मी गंजलो आहे. वाऱ्याची चाहूल लागली की अजून थरारतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जोडाला तेलपाणी करा, ताण तपासा, गाडी नुसती सरळ दिसली म्हणून निघू नका. आणि तुमच्या घरात कुणी दात आवळून एकट्याने साखळी ओढत असेल, तर त्याने सांगायची वाट पाहू नका. पुढे व्हा आणि दुसरे टोक धरा.