सुनिलने सांगितलेला नाच

तलासरी सोडून डोंगराच्या अंगाला गेलं की रस्ता जिथे अगदी अरुंद होतो, तिथे मुलींची एक आश्रमशाळा आहे. भारती तिथल्या वसतिगृहाची अधीक्षिका. मुली तिला मॅडम म्हणत आणि वचकूनही असत. ती कधी ओरडायची नाही, नुसती चष्म्यावरून बघायची, आणि तेवढं पुरे व्हायचं.

वसतिगृहाच्या हॉलमध्ये टीव्ही होता. तो रविवारी संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर लागायचा. काय बघायचं ते मुलींनी ठरवायचं आणि बघण्यासारखं आहे की नाही ते भारतीने. यंदा मुलींनी एक नाचाचा कार्यक्रम धरला होता. नट, गायिका, खेळाडू अशी नावाजलेली माणसं त्यात यायची. प्रत्येकाला एक शिकलेला नर्तक किंवा नर्तकी जोडीला दिलेली, आणि दोघांनी मिळून विलायती पद्धतीचे जोडीचे नाच करायचे. वॉल्ट्झ, टँगो, चा-चा. परीक्षक गुण देत आणि एकेक जोडी घरी जाई.

पहिल्या रविवारी उघड्या पाठीचे झगे बघून भारतीने रिमोट हातात घेतला होता. तेवढ्यात रूपी ओरडली, "मॅडम, थांबा! शितल भोये आली!"

सातवीतली रूपी शाळेच्या कबड्डी संघातली, कुणालाही न भिणारी. शितल भोये म्हणजे तिचा देवच. इकडचीच, जंगलपट्टीतल्या पाड्यावरून गेलेली, देशासाठी कबड्डी खेळलेली. खेळ सोडून तिला दोन-तीन वर्षं झाली होती. तिचं आडनाव हॉलमधल्या निम्म्या मुलींच्या आडनावांसारखंच होतं. भारतीने रिमोट खाली ठेवला.

शितल त्या दिवशी वाईट नाचली. चढाईला निघाल्यासारखी पाय रोवून आली, खांदे ताठ, आणि तिचा जोडीदार नोएल, वसईचा एक सडपातळ तरुण, तिला वळवता वळवता घामाघूम झाला. परीक्षकांपैकी एकजण म्हणाला, "तुम्ही नाचत नव्हता, त्याला पकडत होता." सगळे हसले. शितल हसली नाही की रडलीही नाही. तिने हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पहिल्यांदा काय सुधारू?"

भारतीला ते फार आवडलं. इतक्या लोकांनी हसल्यावर असं विचारायला छाती लागते.

पुढच्या रविवारी शितलचे खांदे खाली आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी मान सैल झाली. तालमीची दृश्यं दाखवायचे, त्यात ती एकदा म्हणाली, "कबड्डीत आम्ही समोरच्याला पाठ दाखवत नाही. इथे बाईला उलटं चालावं लागतं, मागे न बघता. मला तेच जमत नाही. सारखं वाटतं, मागे कोणीतरी आहे." त्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुली व्हरांड्यात उलट्या चालत होत्या आणि खांबांवर आपटत होत्या. स्वयंपाकघरातल्या बायजीने एकीला डाळीच्या पातेल्यात पडता पडता धरलं.

"मॅडम, ह्या पोरी आता सरळ चालायच्याच नाहीत," बायजी कुरकुरली. पण रविवारी भांडी लवकर घासून हॉलच्या दारात पहिली येऊन बसायची ती बायजीच.

भारतीचा नवरा सुनिल घोलवडला एका नर्सरीत कलमं बांधायचा. डहाणूत दोघांचं घर होतं. भारती महिन्यातून दोनदा शनिवारी घरी जायची आणि रविवारी दुपारपर्यंत परतायची, एरवी रोज संध्याकाळी फोन. सुनिल मनाने चांगला, कष्टाळू, निर्व्यसनी. पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. भारतीने विचारावं आणि त्याने "हो", "नाही", "बरं" यातलं एक निवडावं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस दिवसभर काय विचार करतो, हे तिला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला ती चिडायची. मग सवय झाली. या कार्यक्रमाबद्दलही तिने त्याला उत्साहाने सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, "बरं."

शितल अंतिम फेरीत पोहोचली. त्या रविवारी मुलींनी दुपारपासूनच हॉल झाडून घेतला, सतरंज्या टाकल्या, पाचवीच्या मुलींना पुढे बसवायचं की मागे यावरून भांडणही झालं. जेवणं लवकर झाली. आणि कार्यक्रमाला थोडा वेळ उरला असताना लाइट गेली. डोंगराकडून वारा सुटला होता, कुठेतरी ताड तारांवर पडला होता. शाळेच्या शिपायाने चौकशी करून सांगितलं, "आता सकाळीच बघतील, मॅडम."

हॉलमध्ये जो हुंदका उठला तो भारतीलाही ऐकवेना. रूपी तर भिंतीकडे तोंड करून बसली.

"मॅडम, तुमच्या मोबाइलवर दिसेल ना?" एकीने विचारलं.

भारतीने करून बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहिलं तरच रेंज यायची, तीही बोलण्यापुरती. चित्र दोनदा उमटलं आणि गोठलं. मुली तिच्याभोवती घोळका करून उभ्या होत्या. घड्याळ पुढे सरकत होतं. भारतीने फार विचार केला नाही. तिने सुनिलला फोन लावला.

"अहो, घरी लाइट आहे?"

"आहे."

"टीव्ही लावा. तो नाचाचा कार्यक्रम. आज शेवटचा आहे आणि आमच्याकडे लाइट नाही. तुम्ही बघा आणि आम्हाला सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी?" सुनिल म्हणाला.

"तुम्हीच. सगळ्या मुली ऐकतायत."

बायजीने आतून एक रिकामं पातेलं आणलं. स्पीकर लावून मोबाइल त्यात उभा ठेवला की आवाज घुमतो, असं ती म्हणाली, आणि खरंच घुमला. पातेलं व्हरांड्याच्या टोकाच्या कट्ट्यावर ठेवलं, बाजूला कंदील. मुली दाटीवाटीने बसल्या.

"आली," पातेल्यातून आवाज आला.

"कोण आली?" भारतीने विचारलं.

"ती."

"अहो, कोण ती? नाव सांगा."

"शितल."

मुली ओरडल्या. भारतीने पुढे विचारलं.

"काय करतायत?"

"नाचतायत."

मुलींनी कपाळाला हात लावले. भारतीला लाज वाटली, आणि थोडा रागही आला. रूपी मात्र उठून पातेल्याजवळ गेली आणि वाकून म्हणाली, "सर, झगा कसला घातलाय तिने?"

"लाल... नाही, लाल नाही." सुनिल थांबला. तो शब्द शोधत होता हे भारतीला त्याच्या श्वासावरून कळलं. "आंब्याला नवी पालवी फुटते ना, पहिल्या दिवसांतली, तांबूस, अजून मऊ असते तेव्हाची. तसा. आणि तो हलतोही तसाच."

"हां!" मुली एकदम म्हणाल्या. प्रत्येकीने तो झगा बघितला.

"मग?" रूपीने विचारलं.

"मग तिचा एक हात त्याच्या खांद्यावर आहे. दुसरा हातात. ती मागे चाललीय. गोल गोल जातायत, पण मधेच सावकाश, मधेच चटकन. भोवरा दमायला येतो आणि पुन्हा कोणी फिरवतं, तसं."

"मागे बघते का ती?"

"नाही. एकदाही नाही. डोळे मिटलेत तिने."

भारती पातेल्याच्या अगदी जवळ सरकली.

"आम्ही रानातल्या रायणीच्या रोपावर चिकूची काडी बांधतो," सुनिल सांगत होता, आणि आता त्याला विचारावं लागत नव्हतं. "सुरुवातीला जोड दिसतो. इकडे रायण, तिकडे चिकू. दोघं आपापल्या जागी अवघडलेली. काडीने जीव धरला की मग जोड शोधावा लागतो. हे दोघं पहिल्या दिवशी नुसते बांधून ठेवल्यासारखे होते. तिसऱ्या का चौथ्या वेळेला, तो निळा पोशाख होता तेव्हा, जरा धरल्यासारखे वाटले. आज जोड दिसत नाही."

भारती चमकली. "अहो, तुम्हाला काय माहीत पहिल्या दिवशी कसे होते?"

"बघतो ना मी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू म्हणालीस, रविवारी आम्ही हे बघतो. मग मीही लावतो त्या वेळेला." तो जरा घुटमळला. "तू तिकडे बघत असतेस, म्हणून."

एवढ्या मुलींच्या समोर, पातेल्यातून घुमून, ते वाक्य व्हरांड्यात पसरलं. बायजीने पदर तोंडाला लावला. मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या. भारतीने चष्म्यावरून कोणाकडेच बघितलं नाही. तिला फक्त दिसत होती डहाणूतली आपली खोली, टीव्हीसमोर एकटाच बसलेला सुनिल, आणि इतके सगळे रविवार. रोज संध्याकाळी फोनवर गप्प राहणारा हा माणूस आठवड्यातला एक तास तिच्या शेजारी येऊन बसत होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"अरे," सुनिल एकदम म्हणाला.

"काय झालं?"

पातेल्यातून नुसता गलका ऐकू आला.

"सर! काय झालं, सर?" रूपी किंचाळली.

"पाय अडकला तिचा. झग्यात. पडता पडता... नाही, पडली नाही. पण थांबले दोघं. तो घाबरलाय. त्याचा चेहरा उतरलाय एकदम."

"आणि शितल?"

"थांब, थांब. ती हसली. तिने झगा एका हाताने उचलून धरलाय, आणि... हां! तिने ओढलं त्याला. आता तो मागे चाललाय आणि ती पुढे. ती नेतेय त्याला. अगं भारती, बघ तरी, काय नेतेय! लोक उभे राहिले. तो परीक्षक, पहिल्या दिवशी 'पकडत होता' म्हणाला होता ना, तोही उभा राहिला."

बघ तरी, असं तो म्हणाला, आणि भारतीला खरंच दिसलं. झगा उचललेली मूठ दिसली, पुढे टाकलेलं पाऊल दिसलं. तिच्या नकळत तिने रूपीचा हात घट्ट धरला होता. पातेल्यात टाळ्यांचा पाऊस पडत होता, डहाणूतल्या टीव्हीमधला, आणि त्यात इकडच्या टाळ्या मिसळल्या.

निकालाला बराच वेळ लागला. मधल्या जाहिराती मुलींनी सुनिलला सांगू दिल्या नाहीत, पण दुसऱ्या जोडीचा नाच सांगायला लावला. त्या जोडीतला नट खरोखर उत्तम नाचला, हे सुनिलने आडपडदा न ठेवता सांगितलं. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटतं, म्हणाला. आणि पहिला नंबर त्या नटालाच मिळाला. शितल दुसरी आली.

पाचवीतली एक मुलगी मुसमुसू लागली.

"सर," रूपीने हळूच विचारलं, "रडली का ती?"

"नाही गं. तिने जाऊन त्या नटाचाच हात धरला आणि वर केला. जिंकलेल्याचा करतात तसा. मग नोएलचाही केला. आता दोन्ही बाजूंना दोघं आणि मधे ती. उंच दिसतेय सगळ्यांपेक्षा."

रूपी सावकाश उठली. तिने शेजारच्या दोघींचे हात धरले आणि वर केले. मग बाकीच्याही उठल्या, आणि कंदिलाच्या उजेडात व्हरांडाभर हात वर झाले. बायजीचा एक हात भारतीने वर केला, तेव्हा बायजी लाजून खालीच बसली.

"सर, थँक यू!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

"बरं," सुनिल म्हणाला.

मुली झोपायला गेल्यावर भारतीने मोबाइल पातेल्यातून काढून कानाला लावला. पलीकडून त्याने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"घसा सुकला माझा," तो म्हणाला.

"पाणी प्या," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

दिवाळीच्या सुट्टीत भारती घरी गेली. रविवारी संध्याकाळी सुनिलने सवयीने टीव्ही लावला. नाचाचा कार्यक्रम संपला होता, त्या जागी गाण्याची स्पर्धा सुरू झाली होती. एक लहान मुलगी डोळे मिटून ताना घेत होती. भारती त्याच्या शेजारी बसली, तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"सांगा," ती म्हणाली.

"अगं, गाणं आहे हे. ऐकू येतंय की तुला."

"मग दुसरं काही सांगा. आज नर्सरीत काय काय केलंत ते सांगा."

सुनिलने टीव्हीचा आवाज कमी केला. मग त्याने घसा साफ केला, आणि सकाळी नर्सरीचं फाटक उघडल्यापासून सांगायला सुरुवात केली.