आईचं ‘स्वच्छ’ कीर्तन

जानकीपुरमच्या घरी नरेंद्रचा बारा वर्षांचा कॉम्प्युटर होता आणि त्यात आईचं एकुलतं एक ध्वनिमुद्रित कीर्तन. उद्या तिचं वर्षश्राद्ध. लखनौतली मराठी मंडळी ते ऐकायला येणार होती.

ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर बदलावं का, हे त्याने नेटवर विचारलं. ‘बिनधास्त टाका, मक्खन चालतं,’ असं चाळीसेक जणांनी छातीठोकपणे सांगितलं. एकानेच लिहिलं, ‘साहेब, चालतंय तोवर हात लावू नका.’ सगळ्यांनी त्याची टर उडवली. नरेंद्रही हसला होता.

नव्या सॉफ्टवेअरने विचारलं, आवाज स्वच्छ करू? नरेंद्र हो म्हणाला. तासभर कॉम्प्युटर धापा टाकत राहिला. मग आई बोलली, “सांगा मंडळी, देव कुठे राहतो?” आणि पुढे स्मशानशांतता. झांजा नाहीत, हशा नाही, आईचा श्वाससुद्धा नाही. कीर्तनाला समोर बसलेली सगळी माणसं सॉफ्टवेअरने केरासारखी झाडून टाकली होती, आणि मूळ फाइलही पुसली होती. त्या गुळगुळीत आवाजाची नरेंद्रला शिसारी आली.

“पापा, कितना क्लीन है यार!” सावनी म्हणाली.

“क्लीन? आंघोळ घातलेलं मढं आहे हे!”

ते बंद करायला त्याने हात पुढे केला. तेवढ्यात आईने पुन्हा विचारलं, “देव कुठे राहतो?”

स्वयंपाकघरातून त्याची बायको हेमा सासूच्या कीर्तनाला बसायच्या जुन्या सवयीने ओरडली, “इथेच, माई!”

नरेंद्रने हात मागे घेतला. उत्तर द्यायला उद्या मंडळी येणारच होती.